काळ्या दगडाचं बेट: मॉरिशस आतून कसं बघावं

विमानतळावरून गाडी बाहेर पडली की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसू लागतात. काही नुसते टाकलेले, काही पायऱ्या-पायऱ्यांनी नीट रचलेले. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते जुन्या देवळाचे अवशेष वाटावेत. खरं तर ते शेत करताना हातांनी वेचून काढलेले दगड आहेत. लाव्हा थिजून झालेल्या जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड उचलावे लागतात, आणि ते उचलणाऱ्यांत आपल्या कोकणातून गेलेली माणसंही होती.

मी मॉरिशसला दोनदा गेलो. पहिल्या खेपेला पाच दिवस एकाच रिसॉर्टच्या किनाऱ्यावर काढले. दुसऱ्या खेपेला आठ दिवस ठेवले, भाड्याची गाडी घेतली, दोनदा मुक्काम हलवला, आणि तेव्हा कुठे बेट दिसलं. समुद्र सुंदर आहेच, पण या बेटाची खरी गोष्ट आतल्या दगडात आणि तिथल्या माणसांत आहे. खालची आखणी त्या दुसऱ्या प्रवासावर बेतलेली आहे.

आधी दगडाशी ओळख

ही ओळख नसेल तर ज्वालामुखीचं विवर म्हणजे नुसता खड्डा वाटतो. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, जणू पेटती चूल. चूल फारशी हलत नाही, वरची जमीन सरकत राहते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्यावरून जात होता, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. भारत उत्तरेकडे सरकला. त्याच चुलीच्या आचेने पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या पट्ट्याखालचा खडक तयार झाला. ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आज ती धग शेजारच्या रेयुनिअन बेटाखाली आहे. तिथला पितों दे ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागता आहे. मॉरिशसवर मात्र जागता ज्वालामुखी नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

म्हणजे राजगडाच्या कड्याला हात लावल्यावर जो दगड लागतो, त्याचंच नात्यातलं भावंड इथे समुद्रात उभं आहे. राजधानी पोर्ट लुईमागचे डोंगर पाहताना आपल्याकडचा घाटमाथा आठवतो, तो उगाच नाही.

केव्हा जावं

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर थंडी, म्हणजे किनाऱ्यावर एखादी पातळ जाकीट पुरेल इतकीच. नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण आणि दमट. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. आपल्या सुट्ट्यांशी जुळणारा मे महिना आणि दिवाळीच्या आगेमागेचा काळ हे दोन्ही उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर झाडाची ताजी लिची मिळते, तेवढ्यासाठीसुद्धा जावं.

एक गोष्ट नकाशात दिसत नाही. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोराचे वारे येतात. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा वाळू अंगावर येते आणि समुद्रात उतरणं नकोसं होतं. त्या महिन्यांत मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला ठेवा.

कागद, पैसे, सामान

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मात्र हाताशी हवा. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन फॉर्म भरून त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं.

चलन मॉरिशसचा रुपया, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. किंमत वाचताना नाव सारखं असल्यामुळे हमखास चूक होते, म्हणून पहिल्या दिवशी दर पाठ करून टाका. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं आहे. तरी रस्त्यावरच्या गाडीवर सुटे पैसेच लागतात.

सामानात ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट, हलका रेनकोट आणि डासांचं मलम घ्या. बूट चैनीसाठी नाहीत. प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळूचे काटे पायात घुसतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही या पाण्यात आहे. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रोपं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत.

मुक्काम कुठे आणि फिरायचं कसं

बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. आकडे बघून वाटतं, एकाच ठिकाणी राहून सगळं होईल. होत नाही. मधे डोंगर आहेत, रस्ते गावांतून जातात, आणि सकाळ-संध्याकाळ पोर्ट लुईजवळ वाहनांची रांग लागते. म्हणून तीन रात्री नैर्ऋत्येला (फ्लिक-आं-फ्लाक, तामारँ किंवा ला गोलेत), तीन रात्री उत्तरेला (ग्रां बे किंवा पेरेबेर), आणि शेवटची रात्र विमानतळाजवळच्या माहेबूर गावात, अशी वाटणी करा.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, त्यामुळे आपल्याला स्वतः चालवणं सोपं. परवान्याबाबत गाडी देणाऱ्याकडून आधीच लेखी विचारून घ्या. डोंगरातले रस्ते अरुंद आहेत आणि उसाच्या शेतांमधले काही रस्ते दगडी गटारांना लागून जातात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं. गाडी नको असेल तर बस बेटभर जातात, फक्त संध्याकाळनंतर कमी होतात. पोर्ट लुईला क्युअरपिपपर्यंतच्या पठारावरच्या गावांशी जोडणारी मेट्रो भारताच्या मदतीने झाली आहे. राजधानीत जायचं तर गाडी लांब ठेवून मेट्रोनेच जा.

पहिला दिवस: दक्षिण किनारा

विमानतळावरून नैर्ऋत्येला जाताना सरळ महामार्ग पकडू नका, दक्षिण किनाऱ्याचा रस्ता घ्या. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे. त्याच्या आत पाणी तळ्यासारखं शांत. सुयाकजवळ ग्री ग्रीला ते कडं तुटतं आणि मोठ्या लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. थोडं चाललं की ‘रडणारा खडक’ म्हणतात तो कडा येतो. इथे पोहायचं नाही, कितीही मोह झाला तरी. सुयाकजवळच रोचेस्टर धबधबा आहे. उंची फार नाही, पण कातळाचे उभे चौकोनी-षटकोनी खांब इतके स्पष्ट की लाव्हा थंड होताना कसा तडकतो हे डोळ्यांनी वाचता येतं. कोल्हापूरजवळच्या बांदिवड्याचे दगडी खांब ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते लगेच ओळखू येतील.

दुसरा दिवस: शामारेल आणि दऱ्या

सकाळी लवकर शामारेलला चढा. सात रंगांची माती म्हणून जी जागा प्रसिद्ध आहे, ती ऊन तिरपं असताना सर्वांत खुलते. ढगाळ हवेत रंग मरतात. तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळा हे रंग लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे. कातळ पावसाने शेकडो पिढ्या कुजत गेला, विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि हे उरलं. रत्नागिरीचा जांभा असाच झाला. तिथे त्याचे चिरे काढून आपण घरं बांधली, इथे त्याच्याभोवती कठडा घालून तिकीट लावलं. या मातीवर पाऊल टाकायला मनाई आहे आणि ती पाळावीच.

त्याच रस्त्यावर शामारेलचा धबधबा आहे, कातळाच्या उभ्या भिंतीवरून एकाच झेपेत पडणारा. मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाकडे निघा. १९९४ मध्ये घोषित झालेलं हे उद्यान बेटावरच्या मूळ जंगलाचा मोठा उरलेला तुकडा आहे. इथला मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी १९७४ मध्ये जंगलात फक्त चार शिल्लक असल्याचं आढळलं होतं. पिंजऱ्यात अंडी उबवून, पिल्लं पुन्हा जंगलात सोडून त्याला वाचवलं. डोडो गेल्यावर तीनशे वर्षांनी का होईना, या बेटाने एक पक्षी राखला, हे कळल्यावर मला त्या दरीत दुर्बीण न घेता आल्याची खंत वाटली. तुम्ही न्या. बेटावरचं सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचं, याच उद्यानात आहे. चालायची सवय असलेल्याला अर्ध्या दिवसाचं काम.

तिसरा दिवस: ल मॉर्न

५५६ मीटर उंचीचा हा एकटा कडा समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहिले, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला. निम्मी वाट सोपी, पुढे हात टेकत चढायचा कातळ. गडकोटांची सवय असलेल्यांना कठीण नाही, मात्र ओल्या दगडावर तो प्रयोग करू नये. पहाटेच निघा, दोन लिटर पाणी घ्या, नऊनंतर सावली मिळत नाही. जाहिरातीत दिसणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ याच टोकाजवळ आहे. तो खरा धबधबा नाही. वाळू खोल पाण्याकडे सरकताना तसं दिसतं, आणि तेही फक्त आकाशातून. जमिनीवरून शोधत बसू नका.

पश्चिमेला डॉल्फिन दाखवायला पहाटे बोटी निघतात. बऱ्याच जणांना तो अनुभव आवडतो, मला नाही आवडला. दहा बोटी एका कळपाच्या मागे लागल्या होत्या. जायचंच असेल तर लांबून इंजिन बंद करून थांबणारा नावाडी शोधा.

चौथा दिवस: पठार, विवरं, गंगा तलाव

हा दिवस मधल्या पठारासाठी, उत्तरेला मुक्काम हलवता हलवता. ग्रां बासँ, म्हणजे गंगा तलाव, हे विवरात साठलेलं तळं. काठावर देवळं, आणि वाटेवर ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती. १९७२ मध्ये इथे गंगेचं पाणी मिसळलं गेलं. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, सजवलेल्या कावडी घेऊन चालत येतात आणि रस्त्यात लोक त्यांना पाणी, फळं देतात. पंढरीची वारी मनात असलेल्या माणसाला ते पाहून गलबलून येईल. पण त्या चार-पाच दिवसांत गाडीने इकडे येण्याचा बेत ठेवू नका. एरवी सकाळी धुकं असतं, माकडं असतात. हातातली पिशवी घट्ट धरा.

तिथून बोआ शेरीचे चहाचे मळे. इथल्या चहात व्हॅनिला घालतात, एकदा प्यावाच. मग क्युअरपिपचं त्रू ओ सेर्फ. शहराच्या मधोमध घरांच्या वर उठलेलं हे विवर सुमारे ३०० मीटर रुंद आणि ८० मीटर खोल आहे. आत दाट झाडी, तळाशी चिखलपाणी. काठावरून पूर्ण फेरी मारायला अर्धा तास पुरतो, पैसे लागत नाहीत. आत उतरू नका, उतार निसरडा आहे. क्युअरपिपला पाऊस केव्हाही येतो, किनाऱ्यावर कडक ऊन असलं तरी.

पाचवा दिवस: पोर्ट लुई

रविवारी जाऊ नका, शहर बंद असतं. सकाळी आठला मध्यवर्ती बाजारात शिरा. भाजीच्या बाजूला कारलं ‘मार्गोज’ होऊन बसलेलं असतं, भेंडी ‘लालो’, दोडका ‘पिपंगाय’, शेवग्याचा पाला ‘ब्रेद मुरुम’, कोथिंबीर ‘कोतोमिली’. यांतली काही नावं तमिळमधून आली आहेत.

तिथून चालत आप्रवासी घाट. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि तिच्या जागी करारावर मजूर आणायची पद्धत इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. गुलामगिरी संपायच्या थोडं आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून पहिली तुकडी उतरली. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. समुद्र मागे सरकवला आहे, त्यामुळे त्या आता कुठल्याच पाण्यात उतरत नाहीत. प्रवेश मोफत. आत एक तास शांतपणे घ्या. मुंबई बंदरातून निघालेला रत्नागिरीकडचा कुणी इथे पहिलं पाऊल टाकत असेल, तेव्हा त्याला खालचा काळा दगड ओळखीचा वाटला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. जवळच २०२३ मध्ये उघडलेलं गुलामगिरीचं संग्रहालय आहे, तेही जोडून पाहा; दोन्ही मिळून गोष्ट पूर्ण होते.

दुपारी कोदां भागातल्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर तासातून फक्त दहा मिनिटं दिवा लावतात. तिकीटखिडकीवर ती वेळ विचारूनच आत जा. निसर्गविज्ञान संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. संध्याकाळी किल्ल्यावर चढलात तर पूर्ण शहर, १८१२ चं घोडदौडीचं मैदान आणि माथ्यावर एक मोठा दगड तोलून धरलेलं पीटर बोथ शिखर दिसतं.

काय खावं

दालपुरी, दुसऱ्या कशाही आधी. पिवळी डाळ शिजवून, वाटून, मऊ पोळीत पातळ पसरलेली. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. ती जोडीनेच मिळते. आत मोठ्या पावट्यासारख्या घेवड्याची आमटी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि लोणचं, मग कागदात गुंडाळून हातात. ‘एं पेर’ म्हणजे एक जोडी, ‘सां पिमां’ म्हणजे मिरची नको. ज्या गाडीपुढे कचेरीतल्या लोकांची रांग आहे तीच निवडा. अकराच्या आधी जा, चांगल्या गाड्या दुपारी रिकाम्या होतात.

सकाळी ‘गातो पिमां’, म्हणजे आपला डाळवडा, लोणी लावलेल्या गरम पावात. दुपारच्या उन्हात ‘आलुदा’: दूध, सब्जा, चायना ग्रासचे तुकडे. अननस चिंच-मिरची-मीठ लावून. मासे खाणाऱ्यांनी मोहरी-हळदीतलं ‘व्हिंदाय’ आणि ऑक्टोपसची करी चुकवू नये. सणाच्या वेळी केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण मिळालं तर नाही म्हणू नका.

शाकाहारी मंडळींनी चिनी पद्धतीच्या ‘बुलेत’ आणि परतलेल्या नूडल्सबाबत सावध राहावं. भाजीच्या दिसणाऱ्या गोळ्यातही कोलंबी असते आणि नूडल्सवर ऑयस्टर सॉस पडतो. ‘सां लाव्हियान, सां प्वासों’, मांस नको, मासा नको, असं दोन्ही म्हणा. रिसॉर्टच्या बुफेत हे पदार्थ मांडलेले असतात, पण चव गाडीवरचीच.

सहावा दिवस: उत्तर, आणि आपली माणसं

पाम्प्लेमूसच्या वनस्पती उद्यानात परातीएवढी कमळपानं पाहा, मग शेजारच्या जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय. साखरेचा इतिहास म्हणजेच बेटाचा इतिहास, त्यामुळे हे दोन तास वाया जात नाहीत. संध्याकाळ काप मालरोच्या लाल छपराच्या चर्चजवळ.

मराठी वंशाचे लोक प्रामुख्याने पश्चिमेकडच्या आणि पठारावरच्या गावांत आहेत: कास्काव्हेल, वाक्वा, हेन्रिएटा. घरी बहुतेक क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, पण मराठी शाळेत शिकवली जाते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने अजून नाचली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या दिवशी बेटावर असाल तर विसर्जनाला जा, परक्यासारखं वाटणार नाही. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत, कित्येकांच्या छायाचित्रांसह. तुमच्या घराण्यातलं कुणी ‘मिरीच’ला गेल्याची आठवण असेल तर नाव, गाव, अंदाजे साल लिहून घेऊन आधी संपर्क करा.

सातवा दिवस: पूर्व किनारा आणि माहेबूर

पूर्वेला बेल मारची वाळू आणि इल ओ सेर्फ बेट आहे. ते सुंदर आहे आणि गर्दीचं आहे, निवड तुमची. मी त्याऐवजी माहेबूरजवळचं इल ओ एग्रेत सुचवेन. छोट्या प्रवाळी बेटावर मूळचं जंगल पुन्हा उभं केलंय. वाटाड्यासोबतच जाता येतं, महाकाय कासवं आणि गुलाबी कबुतरं अगदी जवळून दिसतात. जागा आधी राखून ठेवा. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज याच किनाऱ्यापुढे प्रवाळात अडकलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल सांडलं, तेव्हा इथल्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले होते. ब्लू बेच्या काचतळाच्या बोटीत बसलात तर नावाड्याला तेव्हाचं विचारा.

माहेबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो. परतीचं विमान सोमवारी दुपारनंतरचं घेतलंत तर सकाळी तिथून व्हॅनिला, चहा, फळांचं तिखट लोणचं आणि एकोणिसाव्या शतकापासून त्या गावात होणारी कसाव्याची बिस्किटं घेता येतात. शेवटची दालपुरीही तिथेच खा. विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे.